राखीव जागा की हिंजवडीची ऑफर?

भाच्याला कमी ऐकू येतं. यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ६५ टक्के दिव्यांगत्व. पुण्यात सदाशिव पेठेत सरकारी नोकरीच्या परीक्षेसाठी अभ्यासिका लावावी की हिंजवडीच्या खासगी कंपनीची ऑफर घ्यावी, या घोळात आहे.

हक्क बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी भरतीत किमान ४ टक्के जागा राखीव. खासगी कंपनीवर तशी सक्ती नाही. तिला समान संधी धोरण करावं लागतं, पण मीटिंगमध्ये सबटायटल लावा ही आठवण त्यालाच द्यावी लागणार. (इंटरव्ह्यूत एकानं तोंडावर हात ठेवूनच प्रश्न विचारले!)

पगार मात्र कंपनीत लगेच, परीक्षेत वर्षं जातात.

घर चालवायचं असेल तर हिंजवडी. दोन-तीन वर्षं कळ काढता येत असेल तर अभ्यासिका. फक्त प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या खाली असेल तर राखीव जागेचा विचार सोडा.