शाळेत अंगावरचं दूध काढायचं तर हाताने, हातपंपाने की इलेक्ट्रिक पंपाने?

शिक्षिकांची प्रसूती रजा 180 दिवसांची असली तरी त्यातले बरेच दिवस बाळंतपणाआधीच जातात. बाई शाळेत हजर होतात तेव्हा बाळ बहुतेकदा चार-पाच महिन्यांचं असतं. डॉक्टर तर सहा महिने नुसतं अंगावरचं दूध द्या म्हणतात. मग शाळेच्या वेळेत दूध काढून ठेवायला पंपाची शोधाशोध सुरू होते आणि जी ती विचारते, "कुठला घेऊ?" माझं म्हणणं, आधी शाळेत आतून कडी लागणारी खोली कुठली आहे ते बघा. पंप त्यावर ठरतो.

पाटण किंवा जतकडची द्विशिक्षकी शाळा घ्या. दोन वर्ग, पुढे व्हरांडा, आणि पोषण आहाराच्या तांदळाची पोती ठेवलेली एक छोटी खोली. इथे वेळ आपल्या हातात असतो. "सर, जरा माझ्या वर्गाकडे बघता का," एवढं म्हटलं तरी भागतं, कारण सांगत बसावं लागत नाही. पण दुपारी लाइट असेलच असं नाही आणि फ्रिजचं तर नावच नको. सांगली-मिरजेतल्या मोठ्या खासगी शाळेत याच्या उलट. लाइट आहे, ऑफिसात फ्रिजही असतो. पण तास घंटेवर चालतात, ऑफ तास मिळाला की बदली तासाची चिठ्ठी हातात पडते, आणि स्टाफरूममध्ये सर मंडळीही बसलेली असतात. तिथल्या बाई शेवटी स्वच्छतागृहात जातात, ते मात्र करू नका. बाळाच्या पोटात जायचं दूध आहे. संगणक कक्ष किंवा प्रयोगशाळेमागची खोली मोठ्या सुट्टीपुरती मागून घ्या. मुख्याध्यापकांशी बोलायला अवघड वाटत असेल तर अर्ज लिहून द्या. सामाजिक सुरक्षा संहितेत (आधीच्या मातृत्व लाभ कायद्यातही) बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा स्तनपानासाठी वेळ द्यायची तरतूद आहे, तिचा उल्लेख त्यात करा.

हाताने काढणं सगळ्यात स्वस्त, आणि त्याला बायका उगाच कमी लेखतात. हात साबणाने धुवायचे, कोमट ओला रुमाल छातीवर ठेवायचा, हलक्या हाताने चोळायचं. मग अंगठा वर, बोटं खाली, स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाच्या थोडं मागे धरून आधी छातीकडे दाबायचं आणि नंतर दोन्हीकडून. बोटं कातडीवरून ओढायची नाहीत, जागच्या जागी दाबायची. पहिले काही दिवस चमचाभरच येतं आणि रडू येतं, नंतर हात बसतो. धुवायला फक्त एक रुंद तोंडाचं स्टीलचं भांडं. लाइट नको, आवाज नाही. वाडीवरच्या शाळेसाठी मी हेच पहिलं सांगेन. तोटा एवढाच की वेळ लागतो; दोन्ही बाजू मिळून अर्धा तास सहज. घंटेवर चालणाऱ्या शाळेत तो कुठून आणायचा?

हातपंप हा मधला मार्ग. दांडा दाबत राहायचं, एका वेळी एकच बाजू. दिवसभर फळ्यावर लिहून आधीच दुखणारं मनगट आणखी दुखतं. तरी एक पर्समध्ये असू द्यावा, कारण शिक्षण परिषद, प्रशिक्षण, निवडणुकीचं काम असे दिवस येतातच, आणि त्या दिवशी कुठलंच वेळापत्रक चालत नाही. एसटीने जाणाऱ्यांनी वाटेतल्या स्थानकावर हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजायची खोली, कुठे आहे, तो उघडा असतो का, हे आधीच बघून ठेवावं.

दोन्ही बाजूंचा इलेक्ट्रिक पंप खरा कामाला येतो तो शहरातल्या शाळेत. पंधरा-वीस मिनिटांत मोकळं होता येतं, म्हणजे मोठ्या सुट्टीत दूध काढून डबाही खाता येतो. चार्जिंगचा घ्या. दूध नळीतून मोटारीकडे जाणार नाही असा बंद रचनेचा घ्या, नाहीतर नळीत बुरशी धरते. आणि छातीवर लावायच्या कुप्पीचं माप नक्की बघा. पंपासोबत बहुधा 24 मिलिमीटरची येते, ती सगळ्यांना बसत नाही. दुखत असेल किंवा दूध कमी येत असेल तर मोटारीला दोष देण्याआधी माप बदलून पाहा. ब्लाउजच्या आत बसणारे बिनवायरचे पंपही मिळतात. वर्ग चालू असतानाच काम होईल असं वाटतं खरं, पण वह्या तपासायला वाकलं की सांडतं, आणि चौथीच्या पोरांचे कान फार तिखट असतात.

आता दूध टिकवायचं कसं? 25 अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास चालतं. साताऱ्यात थंडीच्या दिवसांत हे जमेल. एप्रिलमधल्या सांगलीत त्या चार तासांवर विसंबू नका. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड पिशवीत ते 24 तास राहतं, फ्रिजमध्ये चार दिवस. घरी ते गॅसवर उकळायचं नाही, भांडं कोमट पाण्यात ठेवायचं. साय वर आली की नासलं म्हणून आजी ओतून देतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की नुसतं हलवलं की एकजीव होतं.

साठवायची सोय नसली आणि टाकून द्यावं लागलं, तरी शाळेत दूध काढाच. छाती दगडासारखी होऊ दिली की गाठ येते, ताप येतो, आणि रोज असंच चाललं की दूध आटतं.

पंपाच्या फंदात पडायचंच नसेल तर दोन वाटा आहेत. शाळेच्या गावातच राहणाऱ्यांनी बाळाला सुट्टीत आणून पाजावं. याला कुठलाही पंप तोड नाही. नाहीतर सकाळी, संध्याकाळी आणि रात्री अंगावर, दुपारी डॉक्टरांनी सांगितलेलं पावडरचं दूध. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दुपारच्या वेळेचं दूध हळूहळू कमी होतं, पण रात्रीचं टिकतं. अशी बाळं रात्री जास्त पितात, तेवढी झोपमोड धरून चाला. फक्त "दारात म्हैस असताना पावडरचा डबा कशाला" हे ऐकू नका. वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून द्यायचं नसतं.

काहीही ठरवा, हजर व्हायच्या दोन आठवडे आधी सुरुवात करा, आणि दूध वाटी-चमच्याने दुसऱ्या कुणाकडून तरी पाजायला लागा. तुमचा आवाज कानावर पडला तर बाळ बहुधा वाटीला तोंड लावणार नाही, तेव्हा त्या वेळी घराबाहेरच जा.