देवनागरी लोगो वेबसाइटवर: एसव्हीजी, पीएनजी की वेबपी?

एका ब्राउझरमध्ये लोगो नीट आणि दुसऱ्यात बिघडलेला दिसला, की सफारीला नाहीतर फायरफॉक्सला दोष दिला जातो. बहुतेक वेळा चूक फाइलमध्ये किंवा सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये) असते.

देवनागरी लोगोसाठी आमची पहिली पसंती एसव्हीजी, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांत साठवलेले चित्र. कितीही मोठा करा, कडा फुटत नाहीत. पण एक अट आहे: अक्षरांचे आकारांत रूपांतर केलेले हवे. अक्षरे मजकूर म्हणूनच ठेवून फाइल इमेज टॅगने (पानावर चित्र लावणाऱ्या एचटीएमएल कोडने) लावली, तर पानावर वेबफॉन्ट (साइटवरून उतरणारा फॉन्ट) असला तरी तो त्या फाइलला मिळत नाही. मग विंडोजवर निर्मला यूआय, अँड्रॉइडवर नोटो सान्स अशी अक्षरे बदलतात. डिझायनरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट इन्स्टॉल असतो, म्हणून त्याला बिघाड दिसतच नाही. इंकस्केप या चित्रे बनवण्याच्या प्रोग्रॅममध्ये अक्षरे निवडून 'पाथ' मेन्यूतले 'ऑब्जेक्ट टू पाथ' वापरा. त्याआधी रफार, वेलांट्या, जोडाक्षरे तपासा आणि मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. नंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही. फाइलमध्ये 'व्ह्यूबॉक्स' (चित्राची चौकट सांगणारी नोंद) नसेल, तर लोगो लहान होण्याऐवजी कापला जाऊ शकतो. वर्डप्रेस ही साइट बनवण्याची प्रणाली मात्र सुरक्षेसाठी एसव्हीजी अपलोड आपणहून स्वीकारत नाही.

तिथे पीएनजी घ्या. ती सगळीकडे चालते. फक्त २०० पिक्सेल रुंद दाखवायची असेल तर ४०० पिक्सेलची बनवा, नाहीतर रेटिना (दाट पिक्सेलच्या) पडद्यावर धूसर दिसते. पार्श्वभूमी पारदर्शक हवीच. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकसोबत चित्र यावे यासाठीही पीएनजी किंवा जेपीजी वापरा.

वेबपी फोटोंसाठी उत्तम, लोगोसाठी फायदा थोडा. सफारीत ती २०२० च्या चौदाव्या आवृत्तीपासून चालते, त्यामुळे जुन्या आयफोनवर जागा रिकामी राहते. लॉसी (थोडी माहिती गाळून फाइल लहान करणाऱ्या) प्रकारात रंगाची माहिती कमी रेझोल्यूशनने साठते, म्हणून लाल अक्षरांच्या कडा पुसट होतात. वापरायचीच तर लॉसलेस, म्हणजे काही न गाळणारी.

लोगो उभा ताणला जात असेल, तर फॉरमॅट बदलून काही होणार नाही. फ्लेक्सबॉक्स ही सीएसएसमधली मांडणी आतल्या घटकांना मुळातच ताणते. लोगोला 'अलाइन-सेल्फ: सेंटर' आणि 'हाइट: ऑटो' द्या. आणि तपासणी खऱ्या सफारीत करायची असेल तर आपल्याकडच्या आयफोनवरचा क्रोमही चालेल, कारण तोही आत सफारीचे इंजिन, वेबकिटच वापरतो. विंडोजवरच्या क्रोमवरून सफारीचा अंदाज बांधू नका.