दोरा तुटत होता सुईमुळे, पैसे गेले शटलचे

भाचीच्या बाळाचं बारसं जवळ आलं होतं. आईच्या दोन मऊ झालेल्या सुती साड्या, मध्ये जुन्या चादरीची भर, वरून रंगीत तुकडे, अशी गोधडी मी शिवायला घेतली. गोधडी खरी हाताच्या धावदोऱ्याची, पण अंगठा दुखत होता आणि दिवस कमी होते. म्हणून आईच्या काळ्या पायमशीनवरच टिपा मारायचं ठरवलं. त्याच मशीनवर आईने आयुष्यभर गावाचे ब्लाउज शिवले.

चार बोटं टीप गेली की वरचा दोरा तुटायचा. पुन्हा ओवायचा, पुन्हा तेच. एका ओळीला सात वेळा ओवला, तेव्हा रडू यायचं बाकी राहिलं होतं. मशीनच्या कंपनीचं नाव टाकून मोबाइलवर ‘सर्व्हिस सेंटर’ शोधलं आणि पहिला दिसला तो नंबर लावला. इथेच चुकलं. तो नंबर कंपनीचा नव्हताच, हे मला फार नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी माणूस आला. बोलणं गोड, दर वाक्याला ताई. त्याने माझा दोरा ओवला, बोलता बोलता दोरा ताणून धरणाऱ्या चकत्यांवरचा स्क्रू अंगठ्याने फिरवला आणि पायडल मारलं. दुसऱ्याच टाक्याला दोरा तट्कन तुटला. “बघा ताई, शटल गेलंय, टायमिंग पण सुटलंय.” टायमिंग म्हणजे सुई आणि शटलचा मेळ. त्याचा अंगठा मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता. त्याने ताण घट्ट आवळला म्हणून दोरा इतक्या लवकर तुटला, हे मात्र त्या वेळी लक्षात आलं नाही.

मग त्याने बॉबिनची डबी काढली, मागची कडी सोडवली, वरचा दोरा पकडून खालच्या दोऱ्यात गुंफणारं चंद्रकोरीसारखं शटल बाहेर घेतलं आणि त्यावरचा काळा डाग दाखवला. तो डाग तेल वाळून झालेला होता, बोटाने पुसला असता तर गेला असता. बॅगेतून पुडीतलं नवं शटल काढून बसवलं. स्वतःची सुई लावली, स्वतःचं रीळ लावलं, ताण सैल केला आणि दोन पदरी पातळ चिंधीवर सरसर टीप मारून दाखवली. एकही दोरा तुटला नाही. मी खूश झाले. त्याने आपली सुई आणि रीळ काढून घेतलं, माझी सुई परत लावून दिली.

बिल 2,850 रुपये. शटलचे 1,450, टायमिंगचे 900, घरी येण्याचे 500. पावतीवर मोठं नाव छापलेलं, पण मोबाइलवरून पैसे पाठवले ते कुणा एका माणसाच्या नावावर गेले. जुनं शटल त्याने “भंगार आहे” म्हणत बॅगेत टाकलं. तो फाटकाबाहेर पडला आणि मी गोधडी मशीनखाली घेतली. तिसऱ्या बोटाला दोरा तुटला. फोन लावला तर दोन दिवस उचलला नाही, नंतर नंबर बंदच.

शेवटी गल्लीतल्या टेलरकाकांना बोलावलं. त्यांनी आधी मशीनला हात लावला नाही, तुटलेल्या दोऱ्याचं टोक मागितलं. टोक पिंजलेलं, कापसासारखं फुललेलं होतं. म्हणाले, “पिंजून तुटला म्हणजे कुठेतरी घासतोय. नुसत्या ताणाने तुटला असता तर टोक असं फुललं नसतं.” सुई काढून त्यांनी आरशावर आडवी ठेवली. सरळ सुईखाली फट सगळीकडे सारखी दिसते, माझ्या सुईचं टोक काचेला टेकत होतं. शिवाय ती 14 नंबरची, ब्लाउजची सुई. गोधडीच्या एवढ्या थरांना 16 लागते, जाड सांध्यावर 18. मी मागून कापड ओढत होते, त्याने सुई वाकून प्लेटला लागत होती आणि प्लेटच्या भोकाच्या कडेला ओरखडा पडला होता. दोराही आईच्या डब्यातला, किती वर्षांचा कोण जाणे. हाताने ओढला तर सहज तुटला.

काकांनी बारीक पॉलिश पेपरने भोकाची कड गुळगुळीत केली, 16 ची सुई लावली. सुईला एका बाजूने लांब खाच असते, दोरा त्या बाजूने आत ओवायचा आणि चपट्या बाजूने बाहेर काढायचा, हेही नीट दाखवलं. ओवताना कापड दाबून धरणारा मशीनचा पाय वर हवा, नाहीतर दोरा ताणाच्या चकत्यांत बसतच नाही. नवं सुती रीळ मी आणलं.

तरी मधूनच दोरा तुटत होता. मग त्यांनी नव्या शटलच्या टोकावरून कापसाचा बोळा फिरवला. कापूस अडकला. ओतीव काम, टोक घासलेलंच नाही. “आईचं शटल कुठंय?” त्यांनी विचारलं आणि मला उत्तर देता येईना. इतक्या वर्षांच्या वापराने ते आरशासारखं गुळगुळीत झालेलं होतं. काकांनी नव्याचं टोकही घासून दिलं आणि मग गोधडीच्या चारही बाजूंनी टीप सलग गेली. दुकानात विचारलं तर तसल्या शटलचा भाव 220 रुपये निघाला.

मशीनसोबत आलेल्या पुस्तिकेतल्या नंबरवर मी फोन केला. माझ्या नावाची तक्रार त्यांच्याकडे कधी नोंदवलीच गेली नव्हती. तुमच्याकडे ती पुस्तिका असेल तर नंबर तिच्यातूनच घ्या, नसेल तर मशीन घेतलं त्या दुकानात विचारा. कुणीही आला तरी त्याला तुमच्याच सुईने, तुमच्याच दोऱ्याने, तुमच्याच जाड गोधडीवर वीतभर टीप मारायला लावा आणि मगच पैसे द्या. काढलेला भाग, तो भंगार म्हणाला तरी, घरातच ठेवून घ्या.

पैसे गेले त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या नंबरवर सांगायला हवं होतं, मी आठवडा घालवला. आता तिथेही सांगितलं आहे आणि ग्राहकांच्या 1915 या नंबरवरही तक्रार नोंदवली आहे. पैसे आले नाहीत तर एक वेळ सोसेन, पण आईचं शटल परत मिळावं म्हणून त्या बंद नंबरवर मी अजून रोज एकदा फोन लावते.