पाऊस बर्गरचा, गोष्ट बापलेकाची

'क्लाउडी विथ अ चान्स ऑफ मीटबॉल्स' (2009) या अ‍ॅनिमेशनपटाचं नाव आणि पोस्टर पाहिलं की अंदाज ठरलेला: आभाळातून खाणं पडणार, पोरं खिदळणार आणि मोठी माणसं दीड तास मोबाइल चाळत बसणार. हा अंदाज पहिल्या पंधरा मिनिटांतच चुकतो.

ज्युडी बॅरेट यांचं मूळ पुस्तक 1978 सालचं, चित्रं रॉन बॅरेट यांची. एका बैठकीत वाचून होणारं. त्यात नायकच नाही. आजोबा नातवंडांना झोपताना एका गावाची गोष्ट सांगतात, जिथे दिवसातून तीनदा आभाळातूनच जेवण पडतं. पुढे हवा बिघडते, पदार्थ अवाढव्य होतात आणि लोक शिळ्या पावाचे तराफे करून गाव सोडतात. खाणं का पडतं, हे पुस्तक सांगत नाही आणि वाचताना कुणी विचारतही नाही. चित्रपटाला मात्र ते विचारावंच लागतं. फिल लॉर्ड आणि क्रिस्टोफर मिलर या लेखक-दिग्दर्शकांनी शोधलेलं उत्तर असं: एक धडपड्या तरुण, त्याचं पाण्याचं अन्न करणारं यंत्र आणि त्याचा अबोल बाप.

अटलांटिकमधल्या एका बेटावर गावकरी सार्डिन मासे खाऊन खाऊन कंटाळलेत. फ्लिंट लॉकवुडचं यंत्र विजेच्या जादा दाबाने थेट ढगांत उडतं, तिथलं पाणी शोषतं आणि चीजबर्गर पाडायला लागतं. यंत्राच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं पात्रं एका दमात 'फ्लडस्मडिफर' अशी उच्चारतात. ते ऐकण्यासाठी तरी मूळ इंग्रजी आवाज ठेवा. कथेचा कणा म्हणजे एकच नियम: मागण्या जितक्या जास्त, तितके पदार्थ आकाराने बिघडत जाणार. धोका फ्लिंटच्या लक्षात येतो, पण महापौरांना मोठे पदार्थ म्हणजे पर्यटकांची सोय वाटते. हावरटपणावर भाषण न देता संकट असं हळूहळू फुगवत नेणं सोपं नसतं.

खरी कारागिरी आहे ती पेरणीत. सुरुवातीला फ्लिंटचे फसलेले शोध भराभर दाखवले जातात: पायावर फवारायचे बूट, जे कधीच निघत नाहीत, उंदीर आणि पक्षी यांची मिसळ, माकडाच्या मनातलं बोलून दाखवणारं यंत्र. हे विनोद हसून विसरायचे असं वाटतं. पण शेवटी यातला प्रत्येक शोध नेमका उपयोगाला येतो. यंत्र बंद करण्याच्या फाइलऐवजी मांजराचा व्हिडिओ पोचतो, तेव्हा फ्लिंटला ते न निघणारे बूट आठवतात. पटकथा शिकणाऱ्यांनी ही एवढी साखळी तरी कागदावर उतरवून काढावी.

बापाचं पात्र तर वेगळंच पाहण्यासारखं. टिम लॉकवुडच्या भुवया इतक्या जाड की डोळे दिसतच नाहीत, आणि मुलाशी बोलायचं तर तो मासेमारीचे दाखले देतो. फ्लिंटला ते कळत नाहीत. मग ज्याने आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नाही, त्या बापाला एक फाइल मेल करायची वेळ येते. फोनवरून घरच्यांना मोबाइल शिकवणाऱ्या कुणालाही हा प्रसंग हसवता हसवता टोचेल. शेवटी त्याच्या मनातलं त्याच्याऐवजी कोण बोलतं, ते इथे सांगत नाही.

दिसण्यात पात्रं रबरासारखी, गोल डोक्याची, काटकुळ्या हातापायांची. खाणं मात्र खरंखुरं वाटेल इतकं बारकाईने केलेलं. हा विरोधाभास मुद्दाम ठेवलेला आहे. जेलीच्या महालाचा प्रसंग शक्यतो मोठ्या पडद्यावर पाहा: भिंतीतून झिरपणारा उजेड, पाय पडला की थरथरणारी जमीन. मोबाइलवर हे सगळं नुसता डाग होऊन जातं.

खटकतं तेही आहे. महापौर फुगत जातो तसे लठ्ठपणावरचे विनोदही वाढतात, आणि ते आळशी आहेत. हुशारी लपवणारी हवामान-वार्ताहर सॅम स्पार्क्स छान सुरू होते, पण तिचा प्रश्न चष्मा आणि केसांची शेपटी यांवर जरा स्वस्तात सुटतो. शेवटची वीस मिनिटं पडझडीचा गोंगाट थोडा जास्तच होतो. मॅनी हा कॅमेरामन मात्र मोजकी वाक्यं बोलूनही भाव खाऊन जातो.

पालकांसाठी: लांबी 90 मिनिटं. पाचेक वर्षांच्या मुलांना बहुतेक सगळं चालेल, पण अंगावर येणाऱ्या डोकं नसलेल्या भाजलेल्या कोंबड्या आणि स्पॅगेटीचं चक्रीवादळ पाहून लहानगी दचकतील. एका मुलाची अति गोड खाऊन शुद्ध हरपते, तोही प्रसंग आधी सांगून ठेवा. घर शाकाहारी असेल तर बर्गर, हॉट डॉग, बेकन यांवर प्रश्नांची तयारी हवी. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कथेत महत्त्वाची आहे आणि ती थट्टेवारी नेलेली नाही, ही जमेची बाजू.

पुस्तक हाती लागलं तर आधी तेच वाचून दाखवा. मग गाव सोडून निघालेल्या लोकांच्या पावाच्या होड्या पडद्यावर आल्या की पोर स्वतःच ओळखेल. 2013 चा दुसरा भाग वेगळ्या दिग्दर्शकांचा आहे. त्यात खाण्याचेच प्राणी होतात, चित्रं देखणी आहेत, पण बापलेकाची ही गाठ तिथे सैल पडलेली आहे.