दिले २,५०० रुपये, गेले ११,८०० रुपये

एका बाळाच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी मदत मागणाऱ्या संकेतस्थळाने माझ्या खात्यातून ११,८०० रुपये काढून घेतले. त्यांपैकी मी राजीखुशीने दिलेले फक्त २,५०० रुपये होते. उरलेल्या ९,३०० रुपयांना मी लूटच म्हणेन.

अशी आवाहने कशी असतात ते सर्वांना ठाऊक आहे. नळ्या लावलेले मूल, डोळ्यांना पदर लावलेली आई, जमलेल्या रकमेची भरत आलेली पट्टी आणि ‘अवघे चार तास शिल्लक’ ही लाल अक्षरे. मी २,५०० रुपयांवर बोट ठेवले. त्याखाली ‘सेवेसाठी ऐच्छिक रक्कम’ म्हणून १८ टक्के, म्हणजे ४५० रुपये, आधीच जोडून ठेवले होते आणि त्याच्याही खाली फिकट करड्या अक्षरांत ‘दरमहा साथ द्या’ अशी ओळ होती, जिच्यापुढच्या चौकटीत खूणही त्यांनीच करून ठेवलेली होती. जे ऐच्छिक आहे ते आधीच निवडलेले कसे असू शकते? आवाहनाच्या पानावर अशी खूण दिसली, तर ती संस्था कितीही नावाजलेली वाटो, पान तेथेच बंद करावे.

मला सर्वांत जास्त डाचतो तो पिन टाकण्यापूर्वीचा पडदा. पैसे घेणाऱ्याच्या नावाच्या जागी न्यासाचे नाव नव्हते, एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे होते. माझी नजर त्या नावावर गेली होती आणि क्षणभर थबकलीही होती. परंतु वीजबिलापासून शाळेच्या शुल्कापर्यंत कोणतेही पैसे भरताना मध्यस्थ कंपनीचे वेगळेच नाव दिसते, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यावरून संशय घेणार तरी कोण? त्या नावाखाली ‘मासिक’ हा एक शब्द होता. वर चार तासांचे घड्याळ धावत असताना आणि ते मूल डोळ्यांसमोर असताना तो शब्द वाचला जाऊ नये, याच हिशेबाने सारी मांडणी केलेली होती. पैसे कापण्यापूर्वी २४ तास सूचना देण्याचा नियम आहे आणि ती सूचना येतही होती, पण त्या कंपनीच्या नावाने, आणि तीत बाळाचा किंवा दानाचा उल्लेख नसे. रोजच्या जाहिरातींच्या ढिगाऱ्यात ती ओळखू येणे शक्यच नव्हते. अशा रीतीने २,९५० रुपये चार वेळा गेले.

हे उघड झाले ते आयकर विवरणपत्र भरताना. दानावरच्या करसवलतीची, म्हणजे कलम ८०जी ची, वजावट मिळण्यासाठी संस्थेने दहा-बीई नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. मला मिळालेल्या रंगीत पावतीवर आभाराचे चार परिच्छेद होते, पण ते प्रमाणपत्र मागितल्यावर उत्तरच आले नाही. पावतीवरचा नोंदणी क्रमांक आयकर विभागाच्या संकेतस्थळावर तपासला, तर तो भलत्याच संस्थेचा निघाला. हा क्रमांक पैसे देण्याआधी तपासा. दोन मिनिटे लागतात. बाळाच्या छायाचित्राचा प्रतिमा-शोध घेतला, तेव्हा तेच बाळ दुसऱ्या नावाने, दुसऱ्या आजारासाठी, दुसऱ्या संकेतस्थळावर मदत मागत होते.

त्यानंतर जे सुरू झाले ते मूळ फसवणुकीहून अधिक संतापजनक आहे. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे व्यवहार अधिकृत आहे. पोलीस ठाण्यात अंमलदारांनी विचारले, ‘बाई, दान तुम्ही स्वतःहूनच दिले ना?’ आणि अर्ज ठेवून घेतला, पोच मात्र दिली नाही. न्यासांच्या नोंदणी कार्यालयात उत्तर मिळाले की ही संस्था आमच्याकडे नोंदलेलीच नाही, म्हणून आम्ही काही करू शकत नाही. नोंदणीच नसताना ती लोकांकडून पैसे गोळा करते, हीच तर माझी तक्रार होती! ग्राहक म्हणून दाद मागू गेले, तर दाता हा ग्राहक नव्हे असे ऐकावे लागले. वास्तविक केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ मधील डार्क पॅटर्नविषयक, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत संमतीवाचून दानाची रक्कम देयकात घुसवणे हा गैरप्रकार स्पष्ट शब्दांत नमूद आहे. कागदावर नियम आहे, पण तो वाचलेला एकही अधिकारी मला भेटला नाही. प्रत्येक जण पुढच्या खिडकीकडे बोट दाखवतो आणि तेवढ्या काळात ते संकेतस्थळ आणखी कोणाच्या तरी खात्याला हात घालत असते.

आपल्या यूपीआय अ‍ॅपमधील ऑटोपे हा आपोआप होणाऱ्या कपातींचा विभाग आजच उघडून पाहा आणि अनोळखी नावाची मंजुरी तत्काळ रद्द करा. मी रद्द केल्यावरच कपात थांबली. आर्थिक फसवणूक लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा, कारण उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. शक्य असेल तेव्हा शस्त्रक्रियेचे पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात भरा. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस उलटले, तरी माझ्या तक्रारीला उत्तर आलेले नाही. म्हणून मी आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला आहे आणि त्यात ९,३०० रुपयांची नव्हे, पूर्ण ११,८०० रुपयांची मागणी केली आहे, कारण ज्या बाळासाठी मी पहिले २,५०० दिले, त्याच्यापर्यंत त्यातला एक रुपयाही पोहोचल्याचा पुरावा कोणीही दाखवू शकलेले नाही.