लिनक्सवर हे यूएसबी ३ चं एन्क्लोजर: हार्ड डिस्कला चालेल, एसएसडीला नका लावू

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी अडीच, आणि त्यातला अर्धा तारा स्क्रू न लागणाऱ्या झाकणाचा. अडीच इंची साटा (डिस्क जोडायची एक पद्धत) हार्ड डिस्क किंवा एसएसडी आत सरकवायची, झाकण बंद करायचं, वायरने मशीनला जोडायचं, एवढंच काम आहे याचं. प्लॅस्टिक बरं आहे, डिस्क आत खुळखुळत नाही, दिवा डोळ्यात खुपत नाही. विंडोजवाल्यांचे रिव्ह्यू वाचलेत तर सगळीकडे पाच तारे, 'लावलं की चालतं', आणि त्यांच्यापुरतं ते खरंही असेल. लिनक्सवर पण लावलं की चालतंच हो, प्रॉब्लेम मोठी कॉपी सुरू केली की येतो.

म्हणजे होतं काय, की लहानसहान फायली सुरळीत जातात, पण पूर्ण होम फोल्डरचा बॅकअप लावला की मध्येच कुठेतरी प्रोग्रेस बार गोठतो, दिवा लुकलुकायचा थांबतो, आणि आपण नुसतं बघत बसायचं. साधारण अर्धा मिनिट काहीच होत नाही. ते अर्धं मिनिट कुठून येतं तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कला दिलेल्या प्रत्येक कमांडच्या उत्तराची डिफॉल्टला ३० सेकंद वाट बघतं, तेवढ्यात उत्तर नाही आलं की मग आरडाओरडा सुरू. दुसऱ्या टर्मिनलमध्ये डीमेसेज (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) डब्ल्यू ऑप्शन देऊन चालू ठेवलंत तर हे सगळं डोळ्यासमोर दिसतं, आधी 'यूएएस ईएच अबॉर्ट हँडलर' अशा एकाखाली एक ओळी धडाधड येतात, त्यामागोमाग 'रीसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस', आणि नशीब चांगलं असेल तर कॉपी परत चालू होते. नसेल तर डिस्क पूर्ण डिस्कनेक्ट होऊन परत जोडली जाते आणि परत येते ती नाव बदलून, एसडीबी गेली आणि एसडीसी आली. आता खरी पंचाईत ही की जुना माउंट (डिस्क फोल्डरला जोडलेली ती जोडणी) अजून त्या गेलेल्या एसडीबीलाच धरून बसलेला असतो, त्यामुळे फोल्डर उघडायला गेलं की इनपुट आउटपुट एरर, आणि एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर तीच डिस्क ठणठणीत दिसतेय! इथे बरेच जण डिस्क मेली समजून फॉरमॅट मारून मोकळे होतात. प्लीज नका करू. जुना माउंट यूमाउंटला एल ऑप्शन देऊन सोडवा, मग नवीन नावावर एफएससीके (फाइलसिस्टम तपासणारी कमांड) चालवा, आणि नंतरच माउंट करा. एक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम) असेल तर जर्नलमुळे (बदलांची आधी ठेवलेली नोंद) फाइलसिस्टम बहुतेक वेळा सावरते, फक्त जी फाइल त्या क्षणी जात होती तिची खात्री करून घ्या.

आता हे होतं का, तर दोष डिस्कचा नाही आणि खरं म्हणजे लिनक्सचाही पूर्ण नाही. एन्क्लोजरच्या आत एक छोटी ब्रिज चिप असते, साटाचं बोलणं यूएसबीत आणि यूएसबीचं साटात करणारी. ती दोन पद्धतीने बोलू शकते. एक जुनी, बल्क ओन्ली, ज्यात एका वेळी एकच कमांड, ती संपली की दुसरी. दुसरी यूएएस, ज्यात बऱ्याच कमांड एकदम रांगेत टाकता येतात, म्हणून ती जास्त फास्ट. ब्रिज चिप सांगते की मला यूएएस येतं, लिनक्स बिचारं विश्वास ठेवून यूएएस ड्रायव्हर लावतं, आणि लोड वाढला की चिपच्या फर्मवेअरला (तिच्या आतल्या सॉफ्टवेअरला) ती रांग झेपत नाही. हे नवीन दुखणं नाहीये, कर्नलच्या सोर्समध्ये अशा यूएएस न झेपणाऱ्या चिप्सची वेगळी यादीच ठेवलेली आहे, आणि त्या यादीत असलेल्यांना आपोआप जुन्या पद्धतीवर टाकलं जातं. या एन्क्लोजरची चिप त्या यादीत अजून नाही एवढंच.

तुमच्या एन्क्लोजरचं काय चाललंय ते बघायला एलएसयूएसबीला (यूएसबी डिव्हाइसची यादी दाखवणारी कमांड) टी ऑप्शन द्या. झाडासारखा आकृतीबंध येतो, त्यात तुमच्या डिस्कच्या ओळीत ड्रायव्हरपुढे यूएएस लिहिलंय की यूएसबी-स्टोरेज ते दिसेल. त्याच ओळीच्या शेवटी स्पीड असतो, ५०००एम म्हणजे यूएसबी ३ वर आहात, ४८०एम म्हणजे यूएसबी २ वर घसरलात, आणि तसं असेल तर बाकी काही शोधायच्या आधी वायर बदला. कारण याच्यासोबत जी वायर येते ती तर आणखी एक तक्रार आहे. डिस्कच्या बाजूला ते रुंद, दोन भागांचं मायक्रो-बी कनेक्टर आहे, थोडं हललं तरी यूएसबी ३ च्या पिना सुटतात आणि २ च्या लागलेल्या राहतात, त्यामुळे डिस्क दिसते, चालते, फक्त कासवाच्या गतीने. लोकांना वाटतं लिनक्सच स्लो आहे. मी दुसरी आखूड वायर लावली तेव्हा हे घसरणं बंद झालं, पण रीसेट नाही झाले बंद, म्हणजे दोन वेगळे प्रॉब्लेम होते आणि एकत्र आले की कुठला कोणता ते कळतच नाही.

रीसेटवर उपाय असा. साध्या एलएसयूएसबीमध्ये आयडीपुढे कोलनने जोडलेले चार-चार अक्षरांचे दोन नंबर असतात, पहिला कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. ईटीसीच्या मॉडप्रोब डॉट डी फोल्डरमध्ये (ड्रायव्हरची सेटिंग्ज इथे असतात) एक कॉन्फ फाइल करायची, त्यात यूएसबी-स्टोरेजच्या क्वर्क्स ऑप्शनला ते दोन नंबर, मग परत कोलन आणि शेवटी इंग्रजी यू हे छोटं अक्षर. यू म्हणजे या डिव्हाइसला यूएएस लावू नकोस. मग इनिटरामएफएस (बूट होताना सगळ्यात आधी लोड होणारी छोटी इमेज) परत बनवायचं आणि रीबूट. तेच क्वर्क्स ग्रबमध्ये (लिनक्स बूट करणारा प्रोग्रॅम) कर्नल पॅरामीटर म्हणून दिले तरी चालतं. रीबूटनंतर परत टी ऑप्शनने बघा, ड्रायव्हरपुढे यूएसबी-स्टोरेज यायला पाहिजे, नाही आलं तर बहुतेक नंबर टाइप करताना गडबड झालीय किंवा इनिटरामएफएस राहिलंय.

हे केल्यावर माझ्याकडे एकही रीसेट नाही, पूर्ण बॅकअप एका दमात जातो. हार्ड डिस्कवर स्पीडमध्ये फरक जवळजवळ जाणवत नाही, कारण फिरत्या डिस्कची सगळी डोकी एकत्रच हलतात, मोठ्या फायली एकामागून एक लिहिताना कमांडच्या रांगेचा तिला फार उपयोग नसतो, आणि डिस्कचा स्वतःचा स्पीड यूएसबी ३ च्या कितीतरी खाली आहे. एसएसडीवर मात्र चांगलाच फटका बसतो. छोट्या छोट्या हजारो फायली असल्या, किंवा बाहेरच्या एसएसडीवरून सिस्टीम बूट करायची असली, तर यूएएस बंद करून एसएसडी वापरण्यात काही राम नाही. शीर्षकात नका लावू म्हटलंय ते याचसाठी.

पॉवरचं पण बघून घ्या. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३ चा ९००, आणि काही अडीच इंची हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त मागतात. डिस्क टक टक करून परत परत सुरू व्हायचा प्रयत्न करत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालू नका, मागच्या बाजूच्या पोर्टला लावा किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब वापरा. डिस्कच खराब आहे का अशी शंका असेल तर स्मार्टसीटीएलला (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) 'डी सॅट' देऊन विचारा, हे एन्क्लोजर ती माहिती पुढे पाठवतं, हा एक प्लस पॉइंट त्याला द्यायलाच हवा. त्यात सीआरसी एररचा (डेटा जाता-येताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर डिस्क आणि चिपमधल्या जोडणीचा लोचा, पेंडिंग सेक्टर (डिस्कवरचे नीट वाचता न येणारे भाग) वाढत असतील तर डिस्कच शेवटच्या घटका मोजतेय.

एक गोष्ट याच्या माथी मारू नका, एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फाइलसिस्टमची. विंडोजमधून काढून आणलेली डिस्क लिनक्समध्ये फक्त रीड-ओन्ली उघडतेय किंवा माउंटच होत नाहीये, तर ते बहुतेक विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे, शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि फाइलसिस्टमवर अजून वापरात असल्याची खूण ठेवून देतं. विंडोजमध्ये जाऊन ते बंद करा आणि नीट शटडाउन करा. ५.१५ पासून कर्नलमध्ये एनटीएफएस३ हा स्वतःचा ड्रायव्हर आहे, आणि तो अशा अस्वच्छ डिस्कबाबत जास्तच कडक आहे. तसंच कॉपी संपली असं दिसलं तरी लिहिणं संपलेलं नसतं, डेटा रॅममध्ये अडकलेला असतो, सिंक कमांड मारा, प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबा, मगच इजेक्ट.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर बॉक्सवर, मॅन्युअलमध्ये, वेबसाइटवर कुठेही चिपचं नाव नाही. झाकणाचा रंग लिहिलाय, पॅकिंगचं वजन लिहिलंय, चिप नाही. सपोर्टला मेल केला तर उत्तर आलं की लिनक्स सपोर्टेड नाही, आणि खाली फर्मवेअर अपडेटची लिंक, जी उघडल्यावर ईएक्सई फाइल निघाली. तेवढ्यासाठी मी विंडोजचं मशीन शोधत बसणार नाहीये.