थंडीत गाडीला कोणते टायर: समर की ऑल-सीझन?

समर टायर वाईट नसतात, फक्त थंडीत ते आपले राहत नाहीत. त्यांचं रबर उन्हाळ्यासाठी बनवलेलं असतं. पारा साधारण ७ अंशांच्या खाली गेला की ते कडक होतं आणि रस्त्याला चिकटायचं सोडून घसरायला लागतं. त्यासाठी बर्फच पडायला हवा असं नाही. पहाटेचा गार, ओला डांबरी रस्ताही पुरतो.

ऑल-सीझनचं रबर गारठ्यात बरंच मऊ राहतं. त्याच्या नक्षीतले रबरी ठोकळे जवळून पाहा: प्रत्येकावर ब्लेडने ओढल्यासारख्या बारीक चिरा दिसतील. चाक फिरताना त्या किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. याची किंमत उन्हाळ्यात मोजावी लागते. तापलेल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर समर टायर गाडी लवकर थांबवतो आणि वळणावरही जास्त नेमका चालतो.

घेताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधा. ते बर्फावरची चाचणी पास झाल्यावरच मिळतं. नुसत्या ‘एम प्लस एस’ (M+S, म्हणजे ‘चिखल आणि बर्फ’) या खुणेला तशी चाचणी लागत नाही, त्यामुळे त्यावर मी तरी विसंबणार नाही.

थंडी सौम्य आणि बर्फ क्वचित असेल, तर माझं मत ऑल-सीझनला. महिनोन्‌महिने बर्फ साचत असेल, तर दोन्ही बाजूला ठेवून सरळ विंटर टायर घ्या. आणि हो, नक्षी ४ मिलीमीटरच्या खाली झिजली असेल, तर बर्फात ऑल-सीझनही फारसे कामाचे नाहीत.